झुला बंद करणार असाल तर आधी तारीख सांगा

लक्ष्मीनगरकर

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर म्हणून एक पार्क आहे. तिथला 'किंगडा का' हा रोलर कोस्टर २००५ साली सुरू झाला. उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर, आणि तो वेग गाठायचा साडेतीन सेकंदांत. चालू होता तोवर जगात त्याच्याइतका उंच दुसरा नव्हता. १० नोव्हेंबर २०२४ ला तो शेवटचा धावला. ही शेवटची फेरी आहे हे त्या दिवशी बसलेल्यांना ठाऊक नव्हतं, कारण तो कायमचा बंद झाल्याचं पार्कने जाहीर केलं १४ नोव्हेंबरला. पुढच्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडून टाकला.

यावर तिकडच्या लोकांनी जे लिहिलं ते मी बरेच दिवस वाचून राहिलो आहे. कोस्टर वरचेवर बंद पडायचा, सांभाळायला महाग होता, कधीतरी जाणारच होता, हे बहुतेकांना मान्य आहे. त्यांचा राग आहे तो त्या चार दिवसांवर. ज्यांना लहानपणी उंचीच्या पट्टीला पोचत नाही म्हणून परत यावं लागलं आणि मोठेपणी बसायला मिळालं, त्यांना पोराला घेऊन एकदा जायचं होतं. ते राहिलं.

वाचताना आपल्याकडचंच आठवत होतं. शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कमध्ये (नाव लिहीत नाही, मुद्दा एका पार्कचा नाही) एक मोठी निळी घसरगुंडी होती. एका उन्हाळ्यात तिच्याभोवती हिरवी जाळी लागली आणि 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी आली. पुढच्या उन्हाळ्यात तीच पाटी, उन्हाने रंग उडालेली. त्यापुढच्या उन्हाळ्यात घसरगुंडीच नाही, तिथे समोसा-कचोरीचा स्टॉल. घसरगुंडी गेली हे कोणी कोणाला सांगितलंच नाही.

बंद होण्याबद्दल माझी तक्रार नाही. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडणारा वॉल्ट डिस्नेच म्हणायचा की हे पार्क कधी पूर्ण होणार नाही, बदलतच राहील. पण पैसे देऊन, उन्हातान्हात पोरं घेऊन येणाऱ्या माणसाला एवढं तरी कळावं: काय बंद होतंय, कधी, आणि काहून. तुमचे अनुभव लिहा. आणि मागणी जास्त आहे असं वाटत असेल तर तेही लिहा.

वर्धा_रोड_वासी

+१. आम्हीही त्या पाटीला दोन उन्हाळे खरं मानलं.

ऑरेंज_ते_ऑर्लँडो

मूळ नागपूरची, आता बरीच वर्षं फ्लोरिडात. इथे हा विषय दरवर्षी निघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात जुना गाजलेला किस्सा 'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड'चा. इथलं डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये उघडलं तेव्हापासूनची साधी राइड, अंधाऱ्या खोल्यांतून वेडीवाकडी पळणारी मोटार. ती बंद होणार अशी बातमी १९९७ मध्ये वर्तमानपत्रात आली आणि चाहत्यांनी आंदोलन उभं केलं. हिरवे टीशर्ट घालून ठरलेल्या दिवशी पार्कमध्ये जमायचं, रांग लावायची आणि पुन्हा पुन्हा त्याच राइडमध्ये बसायचं. कंपनीला पत्रं पाठवली. तरी ७ सप्टेंबर १९९८ ला ती बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिथे विनी द पूची राइड आली. पण नवीन राइडमध्ये भिंतीवर एक तसबीर आहे: टोड घराची कागदपत्रं घुबडाच्या हाती देतोय. गाडी त्या तसबिरीसमोरून दोन सेकंदांत निघून जाते. ओळखणारे तेवढ्यासाठीही बसतात.

इथल्याच युनिव्हर्सल पार्कने किंग काँगची राइड २००२ मध्ये काढली आणि २००४ मध्ये तिथे ममीची आणली. ममीच्या खजिन्यात एक लहानसा सोन्याचा काँग ठेवला आहे. 'जॉज' ही शार्कची राइड २ जानेवारी २०१२ ला बंद झाली, तिच्या जागी हॅरी पॉटरची डायगन अ‍ॅली आली, पण फोटो काढायला टांगलेला शार्क त्यांनी दुसरीकडे हलवून ठेवला. जे गेलं ते होतं, हे पार्कने कबूल केलं की लोकांचा राग बराच उतरतो, असं माझं निरीक्षण आहे.

आणखी एक. घोषणा झाली की रांग वाढते. डिस्नेतलं 'मपेट व्हिजन थ्रीडी' हे बाहुल्यांचं थ्रीडी नाटुकलं १९९१ पासून चालू होतं, मपेट बाहुल्या घडवणाऱ्या जिम हेन्सनच्या अगदी शेवटच्या कामांपैकी. आम्ही एरवी जायचो तेव्हा आरामात मधली जागा मिळायची. ७ जून २०२५ हा शेवटचा दिवस जाहीर झाल्यावर तिथे उभं राहायला जागा नव्हती. महिनाभरानेच डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंग्डममधली नदी, तिच्यातली वाफेची बोट आणि टॉम सॉयरचं बेट ६ जुलैला कायमचं बंद झालं. तिथेही तेच. वर्षानुवर्षं बोटीत न बसलेली माणसं काठावर दाटीने उभी. त्यांना खोटं म्हणू नये असं मला वाटतं. रोज न जाताही एखादी जागा आपली असते, आणि ती असणार आहे याच भरवशावर आपण जात नाही.

रोखठोक_धरमपेठ

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या ओळखीतल्या घरांत छातीइतकं पाणी होतं. नाग नदीच्या काठावर कुठे काय बांधलं गेलं हा प्रश्न त्यानंतर या शहरात सगळ्यांनी विचारला. तलावाच्या बाजूचं क्रेझी कॅसल हे पार्क त्याआधीच बंद झालं होतं. त्याच्या आठवणींनी गळा दाटून येणाऱ्यांचे मेसेज मीही पाहिले आहेत. माझ्याही आठवणी आहेत तिथल्या. पण काही जागा रिकाम्या होणंच शहराच्या हिताचं असतं. करमणुकीच्या पार्कला कोणी निरोप दिला की नाही, हा प्रश्न माझ्या यादीत फार खाली येतो.

लक्ष्मीनगरकर

रोखठोक, राग कसला. पूररेषेबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी 'बंद करू नका' म्हणत नाही. 'सांगून बंद करा' म्हणतोय. उलट नदीसाठी जागा मोकळी करतोय असं स्पष्ट सांगितलं तर लोक ते ऐकून घेतात.

नटबोल्ट_हिंगणा

मी या धंद्यातला आहे. एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो, त्यात झुल्यांचं देखभालीचं कामही येतं, मेळ्यातले ब्रेक डान्स, टोराटोरा, कोलंबस आणि पार्कमधले मोठेही. इथली चर्चा वाचून राहवलं नाही.

लोक म्हणतात, काल तर चालू होता, आज काहून बंद? लोखंड आपल्याला दिसतं तसं नसतं. झुला वर गेला, खाली आला, की प्रत्येक फेरीला वेल्डिंगच्या जोडावर ताण येतो आणि सुटतो. हजारो फेऱ्यांनंतर त्या जोडात केसापेक्षा बारीक भेग पडते. डोळ्याला ती दिसत नाही. आम्ही रंग खरवडून डीपी टेस्ट करतो: लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरी पावडर मारायची. भेग असेल तर लाल रेघ उमटते. पिन आणि शाफ्ट अल्ट्रासोनिकने तपासतो. रेघ उमटली की त्याच मिनिटाला झुला बंद. तिथे आठ दिवसांची नोटीस चालत नाही, आणि कोणी मागूही नये.

वॉटर पार्कच्या घसरगुंड्या एफआरपीच्या, म्हणजे काचेचे तंतू घातलेल्या प्लास्टिकच्या असतात. आपल्या नागपूरच्या उन्हात वरचा गुळगुळीत थर, जेलकोट, उडतो, खालचे काचेचे तंतू उघडे पडतात, अंगाला खाज सुटते, ओरखडे येतात. जोडांतून पाणी गळायला लागतं. एका मर्यादेपर्यंत पॉलिश आणि नवीन कोट चालतो, त्यानंतर तुकडेच बदलावे लागतात. परदेशी बनावटीची असेल आणि तो साचाच आता कोणी काढत नसेल तर मालक काय करणार? एक-दोन वर्षं कोटेशन मागवत बसतो. त्या काळात 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी खोटी नसते. त्याला खरंच दुरुस्त करायचं असतं. मग आकडा कळतो आणि तो विचार सोडतो. पाटी मात्र काढायची राहते.

किंगडा कामध्ये हायड्रॉलिक मोटारी एक मोठा ड्रम फिरवायच्या आणि त्यावरची केबल गाडीला ओढायची. त्याच जातीचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर ओहायोत होता, २००३ चा. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या गाडीचा धातूचा तुकडा सुटला आणि रांगेत उभ्या असलेल्या बाईला लागला, गंभीर इजा झाली. त्यानंतर तो जुन्या रूपात पुन्हा चालला नाही. २०२४ मध्ये गाडीला वेग देणारी नवीन यंत्रणा लावून दुसऱ्या नावाने उघडला. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे: शेवटची फेरी द्या, अजून आठवडाभर चालवा, असा दबाव कधी आणू नका. माझ्या क्षेत्रातले लोक दबावाखाली सही करतात तेव्हा काय होतं ते मी पाहिलं आहे.

चांगलं उदाहरणही देतो. इंग्लंडच्या अल्टन टॉवर्सला १९९४ चा नेमेसिस कोस्टर आहे. ट्रॅक म्हातारा झाला. त्यांनी आधी सांगितलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केला, ट्रॅक नवीन बसवला आणि मार्च २०२४ मध्ये उघडला. आम्ही लोक याला नियोजित बंद म्हणतो. यात तारीख देता येते आणि द्यायलाच हवी. अचानक भेग सापडली तर ती वेगळी गोष्ट.

लक्ष्मीनगरकर

दादा, ही माहिती फार मोलाची. तुमच्यामुळे माझी मागणी नेमकी झाली. भेग सापडली तर तासाभरात बंद करा, पण पाटीवर तेच लिहा: 'तपासणीत दोष आढळला, सुरक्षिततेसाठी बंद.' असं वाचून मला त्या पार्कबद्दल विश्वासच वाटेल. आणि कोटेशनचा विचार सोडला त्या दिवशी दुसरी पाटी लावा.

गेटवरचा_दादा

मी इंजिनीअरिंगला आहे. सुट्ट्यांत एका पार्कमध्ये झुल्यावर ऑपरेटर म्हणून काम केलं. एक बाजू राहून चालली म्हणून लिहितो.

झुला बंद असला की शिव्या आम्हीच खातो. आम्हालाही सकाळी युनिफॉर्म घालून आल्यावरच कळतं. एका काकांनी माझी कॉलर धरली होती. गोंदियाहून गाडी करून आले होते, मुलीचा वाढदिवस होता, आणि तिला फक्त तोच झुला पाहिजे होता. ते चुकीचे वागले, पण त्यांचं दुःख खरं होतं. मी त्यांना काय सांगणार? मला वरून एकच वाक्य दिलं होतं, 'टेक्निकल प्रॉब्लेम आहे सर.' ते म्हणाले, मग तिकीट खिडकीवर काहून नाही सांगितलं? याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं आणि आजही नाही.

तिकीट खिडकीवर एक फळा ठेवा, त्यावर आज काय बंद आहे ते खडूने लिहा. खर्च काहीच नाही. मी सुचवलं होतं. 'मग लोक तिकीटच काढणार नाहीत' असं उत्तर मिळालं. सगळी गोष्ट इथे अडते, बाकी काही नाही.

ऑरेंज_ते_ऑर्लँडो

इकडच्या मोठ्या पार्कांच्या संकेतस्थळावर कुठल्या तारखांना काय दुरुस्तीसाठी बंद असेल ते आधी लिहिलेलं असतं. अचानकचं अर्थातच नसतं. त्यामुळे तिकिटं खपायची थांबली नाहीत. ज्याला तीच राइड पाहिजे तो तारीख बदलतो, बाकीचे येतातच.

शुक्रवारीची_आई

पहिल्यांदाच लिहितेय इथे. काही जमलं नाही तर समजून घ्या.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. त्याला गर्दी, गोंगाट आवडत नाही, पण एका बागेतली छोटी आगगाडी त्याला जिवापाड आवडते. आमचा क्रम ठरलेला असतो. फाटक, तिकीट, आगगाडी, मग बर्फाचा गोळा, मग घर. क्रम हलला की त्याच्या पायाखालची जमीन हलते. तो हट्ट नसतो. पुढे काय होणार हे माहीत असणं हाच त्याचा आधार आहे.

एक दिवस आगगाडीला कुलूप होतं. पाटी नाही, माणूस नाही. तो फाटकाशी आडवा झाला, कानावर हात घेऊन ओरडत राहिला. आजूबाजूला माणसं जमली. एक बाई म्हणाल्या, लाडावून ठेवलंय. मी कोणाकोणाला समजावू? त्याला उचलून रिक्षात घातलं. त्यानंतर कित्येक महिने त्या रस्त्याने नेलं तरी तो रडायचा.

दोन दिवस आधी कळलं असतं तर आम्ही घरी तयारी करतो. मी चित्रकार्डं बनवते. आगगाडीचं चित्र, त्यावर फुली, शेजारी घसरगुंडीचं चित्र. रोज पाच-सहा वेळा दाखवते. गोष्ट करून सांगते: गाडी आजारी आहे, गाडी झोपली आहे, आपण आज घसरगुंडीवर जाणार. तिसऱ्या दिवशी तोच मला कार्ड आणून दाखवतो. मग बदल त्याला झेपतो. कायमचं बंद झालं तरी झेपतं, थोडा जास्त वेळ लागतो. शेवटचा एक फेरा मारून, गाडीला हात लावून टाटा केलं की त्याला 'संपलं' हे कळतं. कुलपाने ते कळत नाही.

तुम्ही सगळे आठवणींबद्दल बोलताय, तेही बरोबरच आहे. माझ्यासाठी हा पुढच्या रविवारचा प्रश्न आहे. फोन केला तर कोणी उचलावा आणि 'आज चालू आहे' किंवा 'बंद आहे' एवढं खरं सांगावं. माझ्यासारख्या अनेक आया आहेत या शहरात.

वर्धा_रोड_वासी

ताई, चांगलं केलंत लिहिलंत. असं कधी लक्षातच आलं नव्हतं.

रोखठोक_धरमपेठ

ताई, माझ्या यादीत हा प्रश्न खाली आहे असं मी वर लिहिलं. तुमच्यासाठी तो कुठे आहे ते कळलं. फोन नंबर आणि फळा या दोन्हीला माझा पाठिंबा. पुराचं म्हणणं मात्र कायम ठेवतो.

इंदोरा_चौक

एक बाजू अजून कोणी घेतली नाही. बदल कशासाठी होतोय, यावर लोक कसे वागतात.

स्प्लॅश माउंटन ही पाण्यातली राइड १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला सुरू झाली, नंतर फ्लोरिडातही आली. ज्या चित्रपटावर ती बेतली होती तो १९४६ चा. त्यात गुलामगिरीनंतरच्या काळातली काळी माणसं गोऱ्यांच्या मळ्यावर हसतखेळत, सुखात राहताना दाखवली आहेत. तेव्हाच एनएएसीपी या काळ्यांच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला होता. डिस्नेने तो चित्रपट अमेरिकेत कधीच घरगुती व्हिडिओवर आणला नाही, म्हणजे त्यात काय आहे ते कंपनीला ठाऊक होतं. राइड मात्र तीस वर्षांहून जास्त चालली. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिका रस्त्यावर उतरली होती त्या दिवसांत, तिचं रूप बदलून टियानाच्या कथेची करणार असं जाहीर झालं. टियाना ही डिस्नेची पहिली काळी राजकन्या. लगेच बाजूने आणि विरोधात ऑनलाइन सह्यांच्या मोहिमा. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातली बंद झाली तेव्हा लोकांनी तिथलं पाणी बाटल्यांत भरून ऑनलाइन विकायला काढलं.

ज्याने बापाच्या मांडीवर बसून त्या उतारावर पहिल्यांदा किंचाळी मारली, त्याची आठवण खरी आहे. ती त्याच्यापासून कोणी काढून घेत नाही. पण 'आमचं बालपण मोडलं' म्हणणाऱ्यांनी एकदा शेजारच्या काळ्या पोराला विचारावं की त्याचं बालपण तिथे कोणत्या रूपात उभं होतं. आम्ही इंदोऱ्यात, आंबेडकरी वस्तीत वाढलो. आपल्या माणसांना हसणारं, समाधानी आणि गप्प दाखवणाऱ्या गोष्टी आम्हीही शाळेत ऐकल्या आहेत. त्या बदलल्या तेव्हा कोणाच्या तरी गोड आठवणींना धक्का लागलाच असेल. तरी बदलणं योग्य होतं.

ऑरेंज_ते_ऑर्लँडो

इंदोरा_चौक, बदल योग्य होता या मताचीच मी आहे. थोडं जोडते. माझ्या ओळखीचे जे हळहळले त्यातल्या बऱ्याच जणांनी तो चित्रपट पाहिलाच नव्हता, पाहायला मिळतच नव्हता. त्यांच्यासाठी ते ससा, अस्वल आणि शेवटची उडी एवढंच होतं. त्यांना कोणी नीट सांगितलं तेव्हा काही जणांचं मत बदललं. काहींचं नाही. कॅलिफोर्नियातली ३० मे २०२३ ला शेवटची चालली. पुढच्या वर्षी दोन्हीकडे टियाना उघडली. डोंगर तोच, पाण्याचा मार्ग तोच, शेवटची उडीही तीच. आम्ही गेलो तेव्हा बोटीत पुढे एक काळं कुटुंब होतं, आजी, आई आणि टियानाचा हिरवा झगा घातलेली चिमुरडी. तिने उतरल्यावर लगेच परत रांग धरली.

इंदोरा_चौक

हे सांगितलंत, बरं वाटलं. आणि हळहळणाऱ्या सगळ्यांना एका काठीने हाकू नये, हे मान्य.

धागाकर्त्याची मागणी इथेही लागू आहे: कारण सांगा. 'नवीन अनुभव देतोय' असं गुळमुळीत लिहिलं की जुने चाहते आणि ज्यांचा अपमान होत होता ते, दोघांनाही अर्धं सत्य मिळतं.

कुही_लाईन

झुला नाही, रेल्वेबद्दल लिहितो. चालंल नं?

इतवारी ते नागभीड छोटी लाईन. उमरेड, भिवापूरवरून जायची. रूळ अडीच फुटाचे. आमच्या गावचे लोक शाळेले, कोर्टाले, दवाखान्यात तिनंच यायचे. नोव्हेंबर २०१९ ले ब्रॉडगेज करायसाठी बंद केली. त्याआधी छिंदवाड्याकडची गेली होती. पण आमाले दिवस माहीत होता. शेवटच्या फेरीले मी होतो. लोकायनं इंजिनाले हार घातले, ड्रायव्हरले पेढे देल्ले, म्हाताऱ्या बाया डब्याच्या दाराले हात लावून पाया पडल्या. माझ्या बापानं खिडकीतून प्रत्येक टेसनचं नाव मोठ्यानं घेतलं. कोणी भांडलं नाही. ब्रॉडगेज आली तर आपलंच भलं होईल हेही सगळ्यायले समजत होतं.

आता मोतीबागेत, कडबी चौकाजवळ, छोट्या लाईनचं म्युझियम आहे, २००२ पासूनचं. इंजिनं ठेवली आहेत, पोरायसाठी टॉय ट्रेनबी आहे. बाप जाते तिथं. इंजिनाजवळ उभा राह्यते, पोरायले सांगते का हे कसं चालायचं. त्या लाईनीचं दुःख त्याले आहे, पण राग नाही. घसरगुंडीवाल्याइले एवढंच सांगा का आमच्यासारखा एक दिवस द्या.

दिल्लीहून_परत

कुही_लाईन भाऊ, वाचून दिल्लीचं अप्पू घर आठवलं. १९८४ मध्ये सुरू झालेलं, एशियाडच्या हत्तीचं नाव दिलेलं. जागा सुप्रीम कोर्टाला आणि मेट्रोला हवी होती म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये बंद झालं. तारीख कळली होती म्हणून शेवटच्या दिवसांत अख्खी दिल्ली लोटली. आम्ही तेव्हा तिथे नोकरीला होतो, मुलींना घेऊन गेलो. रांगेतच दिवस गेला, दोनच झुले मिळाले. तरी मुली आजही त्या दिवसाबद्दल बोलतात.

नटबोल्ट_हिंगणा

शेवटच्या दिवसाची गर्दी हाही सुरक्षेचा विषय आहे बरं. जास्त फेऱ्या, घाईत लॉक तपासणं, दमलेला ऑपरेटर. तारीख जाहीर करायची तर त्या दिवशी तिकिटं मोजून द्या.

ऑरेंज_ते_ऑर्लँडो

बोलून उपयोग होतो का, असं वाटणाऱ्यांसाठी एक. डिस्ने वर्ल्डच्या एपकॉट पार्कमध्ये फिगमेंट नावाचा जांभळा ड्रॅगन १९८३ पासून एका राइडचा प्राण होता. १९९८ मध्ये ती बंद करून वर्षभराने नवीन रूप आणलं आणि त्यात फिगमेंट जवळजवळ गायब. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की २००२ मध्ये पुन्हा बदल करून त्याला परत आणावं लागलं. जुनी राइड काही परत आली नाही, पण ड्रॅगन आला. टोडवाल्यांना जमलं नाही, फिगमेंटवाल्यांना थोडं जमलं.

लक्ष्मीनगरकर

सगळ्यांचं वाचून पत्राचा मसुदा करतोय. शहराजवळच्या पार्कांना आणि बागा चालवणाऱ्यांना, प्रत्येकाला वेगळं देऊ.

'महोदय, आपल्या पार्कमध्ये आम्ही कुटुंबासह येतो. कोणताही झुला, घसरगुंडी किंवा आगगाडी बंद असल्यास ते तिकीट खिडकीवर फळ्यावर आणि फोनवर सांगावे. नियोजित दुरुस्ती असल्यास तारखा किमान पंधरा दिवस आधी जाहीर कराव्यात. तपासणीत दोष आढळल्यास साधन तत्काळ बंद करावे व कारण पाटीवर लिहावे. त्यासाठी आम्ही आपले आभारीच राहू. एखादे साधन कायमचे काढायचे ठरल्यास तसे स्पष्ट जाहीर करून शेवटचा दिवस कळवावा, आणि त्या दिवशी मोजकीच तिकिटे द्यावीत. 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी दुरुस्ती खरोखर चालू असेपर्यंतच असावी.'

काय कमी आहे?

नटबोल्ट_हिंगणा

'किमान पंधरा दिवस' ठीक. पण 'शेवटचा दिवस' पुढे लिहा: 'साधन सुरक्षित असल्यासच'. नाहीतर कोणी हेच पत्र दाखवून सदोष झुला चालवायला लावेल.

गेटवरचा_दादा

आणि गेटवरच्या पोरांना पब्लिकच्या आधी सांगा, हेही टाका ना.

शुक्रवारीची_आई

फोनच्या वेळा लिहाल का? सकाळी नऊच्या आधी उचलला तर आम्हाला निघायच्या आधी कळेल. आणि ज्या मुलांना गरज आहे त्यांना, साधन सुरक्षित असेल तर, गर्दीच्या आधी एक शेवटचा फेरा. जमलं तरच. नाही जमलं तरी बाकीचं पुरे.

लक्ष्मीनगरकर

तिन्ही घातलं. ताई, तुमची ओळ 'जमलं तर' न लिहिता विनंती म्हणून सरळ लिहिली आहे. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, गर्दीचा हंगाम अजून बाकी आहे, म्हणून उशीर नको. शनिवारी सकाळी पहिल्या दोन ठिकाणी पत्र नेऊन देतोय. सोबत येणाऱ्यांनी विपूत, म्हणजे माझ्या विचारपूस पानावर, कळवा. सही करायची असेल त्यांनी इथेच प्रतिसादात लिहा, मी नावं जोडतो.

कुही_लाईन

माझी सही घ्या. बापाचीबी घ्या.

रोखठोक_धरमपेठ

माझीही.